पान चौदावरची उशीर

११ जानेवारी

टिंबू,

हे नाव वाचून तू आधी दचकशील, मग नाक मुरडशील आणि मग पत्र उलटं करून सही कुणाची आहे ते बघशील. कशाला बघतेस? अकरा वर्षांनंतरही तुला टिंबू म्हणणारं माझ्याशिवाय उरलंय कोण?

तुझी कादंबरी माझ्या टेबलावर आली आहे. दोनशे बारा पानांची प्रूफं, वर कुठल्याशा बाईचं भारदस्त टोपणनाव. मी कशी ओळखणार? आमच्या प्रकाशनात एक व्यवस्थापक आहेत, त्यांना सगळे घाईसाहेब म्हणतात, कारण 'घाई आहे' म्हटल्याशिवाय त्यांच्या हातून एक कागद पुढे सरकत नाही. त्यांनी गठ्ठा ठेवला नि म्हणाले, "बाई, एका मुलीच्या लहानपणावरची कादंबरी आहे. लेखिका नवीन आहे, पण शुद्धलेखन एकदम चोख. तुम्हाला काही कष्टच नाहीत. वीस फेब्रुवारीला छपाईला जाणार. घाई आहे."

एकदम चोख! म्हटलं, बघू या तरी. लाल पेन काढलं. तेरा पानांत एक अनुस्वार सापडला, बस्स. चौदाव्या पानावर हे वाक्य होतं: 'रडू आलं की ती आपली उशीर पोटाशी धरून कॉटखाली जाऊन बसायची.' घाईसाहेबांनी आधीच पेन्सिलनं त्या 'र'वर काट मारून समासात 'उशी' लिहून ठेवलं होतं.

मी खुर्चीतून उठले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. घाईसाहेब म्हणाले, "काय झालं बाई? मोठी चूक आहे का?"

म्हटलं, "नाही. आमच्या घरातली आहे."

त्यांना काही कळलं नाही आणि मी कळू दिलं नाही. तुला तरी आठवतंय का, हा शब्द कुठून आला ते? आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची, मी सोळा. रोज झोपवताना मी तुझ्या उशीवर थोपटून म्हणायची, "उशीर झाला, टेक डोकं." तू बिचारी समजलीस की ह्या मऊ वस्तूचं नावच उशीर. "ताई, माझी उशीर कुठाय?" "ताई, माझी उशीर भिजली." बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे, एका अक्षराची चूक दिसली तरी जेवण सोडून उठणारे माणूस. पण तेसुद्धा तुला म्हणायचे, "घे गं तुझी उशीर." जगात फक्त तीन माणसं असं बोलायची. त्यातले बाबा गेले. मी लिहिलं नाही. मग हे लिहिणारी कोण, हे कळायला मला काही भविष्य बघावं लागलं नाही.

पेन्सिलची काट मी खोडरबरानं पुसली. शब्दाखाली तीन टिंबं दिली आणि समासात लिहिलं, 'असू दे'. खोडलेला शब्द पुन्हा ठेवायचा असला की त्याच्याखाली टिंबं देतात, हे तुला बाबांनीच शिकवलं होतं. तुझं नावही त्यांनीच ठेवलं. म्हणायचे, पेटीतला सगळ्यात लहान खिळा आमच्या घरात चालतो-बोलतो.

हे पत्र पाठवीन की नाही, ठाऊक नाही. प्रूफांवर तुझा पत्ता आहे, पण मुद्रितशोधकानं लेखकाला परभारे पत्र लिहायचं नसतं.

– तुझ्या पुस्तकाची मुद्रितशोधक


१६ जानेवारी

टिंबू,

नव्वद पानं झाली. आता मला राग आला आहे, तो आधी लिहून टाकते, नाहीतर तो प्रूफांवर निघेल.

तुझ्या कादंबरीतल्या मुलीला बहीण नाही. एकुलती एक! वर वाक्य काय, तर 'तिला भावंड नव्हतं, त्यामुळे ती भिंतीशी बोलायची.' अगं, भिंतीशी? तू माझ्याशी बोलून बोलून माझं डोकं उठवायचीस. 'ढ'ला शेपूट का नाही, इथपासून चंद्राला घर कोण भाड्यानं देतं, इथपर्यंत. मी कांदा चिरत असले तरी माझी हनुवटी धरून तोंड तुझ्याकडे वळवायचीस. आणि आता भिंत?

मी केलेलं सगळं पुस्तकात आहे. वाकडा भांग आहे. शाळेच्या फाटकापर्यंत हात आणि फाटकानंतर हात सोडायचा, हा आपला करार आहे. तुझ्या दप्तराचा पट्टा मी बाबांच्या पुस्तक शिवायच्या जाड दोऱ्यानं शिवला होता, तोही आहे. फक्त करणारी मी नाही. सगळं आईनं केलंय. जी आई तेव्हा नव्हतीच, तिला सगळं देऊन मोकळी झालीस. मी मेले का गं?

असो. तू म्हणशील, सुरुवात कुणी केली? बरोबर आहे. त्या वहीबद्दल लिहायलाच हवं.

तू एकोणीस-वीसची होतीस. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. तू तुझी पहिली गोष्ट लिहिलीस, निळ्या वहीत, आणि माझ्या हातात ठेवून म्हणालीस, "ताई, वाच." मग दोन दिवस माझ्याकडे बघायचं टाळत घरभर हिंडत होतीस. मी वाचली. माझ्या सवयीप्रमाणे लाल पेन घेऊन वाचली. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, कानामात्रा, जे दिसलं ते दुरुस्त केलं आणि वही परत दिली. म्हटलं, "एकशे त्रेचाळीस चुका आहेत." गोष्ट कशी होती, ते सांगितलं नाही. एवढंच झालं. एवढ्यावरून कुणी घर सोडतं का?

भाजी करपायला लागली. पुरे.


१९ जानेवारी

टिंबू,

त्या दिवशी लिहिलेलं पत्र आज पुन्हा वाचलं. त्यात 'एवढंच झालं' असं जे आहे ते खोटं आहे. खोडून टाकणार होते, पण राहू दे, तुलाही दिसू दे मी कशी लपवते ते.

मी शुद्धलेखनापुरती थांबले नव्हते. तुझ्या गोष्टीतलं एक पूर्ण वाक्य मी आडवी रेघ ओढून काढलं होतं. 'आई गेली त्या दिवशी ताई रडली नाही, ती कपडे वाळत घालत होती.' आणि समासात लिहिलं होतं, 'काढावे. खरे नाही.'

आमच्या धंद्यात एकच गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. अक्षर आपलं, मजकूर लेखकाचा. बाबांनी मला पहिलं प्रूफ दिलं तेव्हा हेच सांगितलं होतं. मी शेकडो पुस्तकं वाचली, न पटणारी, भंपक, काही तर धडधडीत खोटी, पण मजकुराला हात लावला नाही. फक्त तुझ्या वहीत लावला. आणि तोही खरं वाक्य काढायला.

मी खरंच रडले नव्हते. बादलीत पिळे घातलेले कपडे होते, आईनंच सकाळी धुतलेले. घरात माणसं जमली होती, बाबा कोपऱ्यात बसले होते, तू कुणाच्या तरी मांडीवर होतीस. मला वाटलं, हे कपडे असेच राहिले तर वास मारतील. म्हणून वाळत घातले. तुझा फ्रॉक, बाबांचा सदरा, आईची साडी. साडी चारपदरी करून नीट ताणली, तिला चुण्या पडलेल्या आवडायच्या नाहीत. त्यानंतर रोजच काही ना काही करायचं राहिलेलं असायचं, आणि रडायचं जे राहिलं ते राहिलंच. तू ते बघितलंस आणि लक्षात ठेवलंस. मला वाटलं, तू मला दगड म्हणते आहेस. पेन माझ्या हातात होतं, मी वापरलं.

आता ऐक. आज पान एकशे अठरा वाचलं. 'आईच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला कायम लाल डाग असे. कितीही साबण लावला तरी जात नसे. भात कालवतानाही तिला ते बोट दिसत असे आणि बरं वाटत असे.'

आपली आई शिवणकाम करायची. तिच्या बोटांना सुया टोचलेल्या असायच्या. लाल पेन तिनं जन्मात हातात धरलं नव्हतं.

मी दोन्ही हात टेबलावर ठेवून माझ्या बोटाकडे बघत बसले. मग मागे गेले, पहिल्या पानापासून. वाकडा भांग घालणारी, फाटकाशी हात सोडणारी, रागावली की भांडी जोरात घासणारी. तुझ्या त्या आईला माझी खोकण्याची पद्धतसुद्धा आहे! मी तर नव्वद पानं स्वतःला शोधत बसले होते, आणि तू मला पानोपानी बसवलं होतंस. एक 'त' तेवढा काढून घेतलास. खरं सांगू, प्रत्येक 'आई'पाशी लाल खूण करून 'त गळला आहे' असं लिहावंसं वाटलं. पुस्तकभर लिहिलं असतं तर घाईसाहेबांनी मला रजेवर पाठवलं असतं.

मी रडले, टिंबू. ऑफिसात, सगळ्यांसमोर, शेंबूड पुसत. आनंद झाला आणि रागही आला, दोन्ही एकदम.

राग कशाचा, तेही सांगते. तुझ्या पुस्तकातल्या आईला सगळं येतं. ती कधी घाबरत नाही. मला काही म्हणजे काही येत नव्हतं गं. मी सोळा वर्षांची होते. तुला ताप चढला त्या दुपारी मी सदरा उलटा घालून तुला उचलून दवाखान्यात नेलं, रस्ताभर तुझ्याशी बडबड करत, कारण तू गप्प झालीस तर काय करायचं हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी तुला विचारलं, "बाळ, आई कुठाय?" तू माझ्याकडे बोट दाखवलंस. डॉक्टरांनी वर बघितलं आणि केसपेपरवर पालकाच्या जागी 'आई' लिहून टाकलं. मी ते बघितलं. दुरुस्त केलं नाही. डोळ्यांदेखत सोडून दिलेली माझ्या आयुष्यातली ती एकच चूक असेल.

तुझं पुस्तक तुझ्या मोठं होण्याचं आहे आणि ते तसंच असावं. पण त्याच घरात, त्याच खोलीत आणखी एक मुलगी मोठी होत होती. तिला कुणाची आई व्हायचं नव्हतं. तुझी ताई व्हायला मात्र तिला फार आवडलं होतं. मी आज जी काही आहे, ती तू हनुवटी धरून तोंड वळवायचीस त्यामुळे आहे.


२७ जानेवारी

टिंबू,

शेवटचं प्रकरण वाचलं. मुलगी घर सोडते. 'आईनं दार लावून घेतलं. बस सुटेपर्यंत ती मागे वळून वळून बघत राहिली. कुणी आलं नाही.' संपलं पुस्तक.

दार मी लावलं, हे खरं आहे. लावताना काय बोलले तेही खरं, तू ते पुस्तकात घातलं नाहीस, तुझा मोठेपणा. मीच लिहिते. तू पिशवी घेऊन उंबऱ्यावर उभी होतीस आणि मी म्हटलं, "जा. पत्रं पाठवशील ती तरी शुद्ध लिहीत जा." तू एकही पत्र पाठवलं नाहीस. आणि आज दोनशे बारा पानांत मला जेमतेम चार चुका सापडल्या. घाईसाहेब कौतुक करतात. मी लाल पेनाला टोपण लावते.

आता पुढचं, जे तुला माहीत नाही.

दार लावून मी आत आले, तर कॉटवर तुझी उशीर. तुला तिच्याशिवाय झोप यायची नाही, सहलीलासुद्धा पिशवीत कोंबून न्यायचीस आणि मैत्रिणी हसतील म्हणून तिला टॉवेलमध्ये गुंडाळायचीस. मी ती उचलली आणि पळत सुटले. एका पायात माझी चप्पल, एका पायात तुझी जुनी. रिक्षा मिळेना. बाजाराच्या रस्त्यानं उशी छातीशी धरून धावणारी तीस वर्षांची बाई, लोक बाजूला होत होते. बस स्थानकात पोचले तेव्हा तुझी बस फाटकातून बाहेर पडून वळणाला लागली होती. तिच्यामागे पेट्रोल पंपापर्यंत धावले. मग दम संपला.

परत आले ते चौकशीच्या खिडकीशी. पुढची गाडी कधी, विचारायला. आतल्या बाईनं माझ्याकडे बघितलं, हातातल्या उशीकडे बघितलं आणि म्हणाली, "उशीर झाला हो तुम्हाला."

मी म्हटलं, "माझी नाही, तिची आहे."

त्या बाईला काय कळणार! मी तिथल्या बाकावर बसले आणि हसायला लागले आणि हसता हसता जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. आईचं, बाबांचं, तुझं, सगळं एकदम. तुझ्या वहीतलं वाक्य त्या दिवसानंतर खरं राहिलं नाही, पण ते तुला कळवणार कसं?

पत्ता नव्हता, असं मी सगळ्यांना सांगते. पत्ता होता. तुझ्या मैत्रिणीनं तिसऱ्याच आठवड्यात आणून दिला होता. मी किती पत्रं लिहिली! लिहून झाली की वाचायचे, आणि वाचायला लागले की पेन हातात यायचं. हे वाक्य नको, तो शब्द जास्त होतोय, इथे रडगाणं वाटतंय. दुरुस्त करत करत शेवटी 'प्रिय टिंबू' आणि 'तुझी ताई' एवढंच उरायचं. तेवढं तरी पाठवायला हवं होतं.

आज त्या शेवटच्या वाक्याच्या समासात 'ती आली होती' एवढे तीन शब्द लिहायला मी पेन टेकवलं. तिथे लाल ठिपका उमटला आहे, तुला दिसेल. पण पुढे लिहिलं नाही. मजकूर तुझा आहे. तुझ्या वाटणीला जे आलं, ते तू लिहिलंस, आणि तुझ्यासाठी कुणी आलं नव्हतं हेच खरं. मी काही बदल म्हणत नाही. छापलं जाण्याआधी तुला माहीत असावं, एवढंच मला हवं आहे.

आणखी एक. एकशे त्रेचाळीस चुका असलेली ती गोष्ट फार सुंदर होती. हीसुद्धा आहे.

ही चारही पत्रं आज प्रूफांच्या पाकिटात घालते. घाईसाहेबांना सांगितलंय, लेखिकेसाठी शंकांची यादी आहे. ते म्हणाले, "चोख लेखिकेला एवढ्या शंका?" म्हटलं, "माझ्याच आहेत, जुन्या." ह्यावेळी एकाही पत्राला लाल पेन लावलेलं नाही. चुका असतील. लाल पेन घेऊन बस आणि सूड उगव.

ताई


८ फेब्रुवारी

टिंबू,

हे पत्र पाठवणार नाही, नुसतं लिहून ठेवते. बारा दिवस झाले. कुरियरवाला आला की मी उठून उभी राहते. तो आता मलाच घाईबाई म्हणायला लागला आहे. काल घाईसाहेब म्हणाले, लेखिकेनं प्रूफं वेळेत परत केली नाहीत तर आहे तसं छापू. मी मान हलवली. घरी येऊन भांडी जोरात घासली.


१४ फेब्रुवारी

टिंबू,

पाकीट आलं. आधी मी ते झटकून बघितलं, पत्र पडतंय का ते. पत्र नव्हतं. अगदी हिरमुसले. मग पानं उलटायला लागले.

चौदाव्या पानावर 'उशीर'खाली माझी तीन टिंबं होती. त्यांच्याशेजारी तू हिरव्या शाईनं चौथं दिलं आहेस.

मग शेवटचं पान. 'कुणी आलं नाही' वर आडवी रेघ, सरळ, पट्टी लावून मारलेली. आणि माझा जो लाल ठिपका होता, नेमका तिथूनच बाण काढून समासात तुझ्या अक्षरात: 'बस वळणाला लागली तेव्हा मागून ताई पळत आली. तिच्या हातात उशीर होती.'

तुझं अक्षर अजून तसंच आहे, 'ळ' पोटात फुगलेला.

घाईसाहेब माझ्या खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, "बाई, इथे लेखिकेची गडबड झाली. दोनशे बारा पानांत आई, आई, आई, आणि शेवटच्या ओळीत एकदम ताई? ही ताई आली कुठून?"

म्हटलं, "घरातून. पळत."

"अहो, पण पुस्तकात तिला बहीणच नाही! वाचक गोंधळेल. तो 'त' काढून टाका, एका अक्षराचं तर काम आहे." आणि त्यांनी पेन्सिलनं त्या 'त'वर काट मारलीसुद्धा. घाई आहे ना.

त्यांचं बरोबर आहे, टिंबू. शेवटच्या ओळीत कुठूनशी उगवलेली ताई ही चूकच दिसणार. दुसऱ्या कुणाचं पुस्तक असतं तर मीही शंका काढून लेखकाकडे पाठवली असती. मी म्हटलं, "साहेब, अक्षर आपलं, मजकूर लेखिकेचा." खोडरबर घेतलं, त्यांची काट पुसली आणि 'ताई'खाली टिंबं दिली. माझ्याही घाईत ती जरा वाकडी पडली आहेत. समासात लिहिलं, 'असू दे'.

पुस्तक वीस तारखेला छपाईला जाईल.

अकरा वर्षं दर रविवारी तुझ्या उशीची खोळ धुतली आहे. आज कापूसही उन्हात घातला. दार उघडं ठेवते म्हणणार नाही, मांजर आत येतं. पण कडी वाजवलीस तर मी बादली तशीच टाकून येईन. किती वर्षं गेली, काय बोलायचं, असले विचार करत वाटेत थांबू नकोस. तुझी उशीर इथेच आहे.

तुझी ताई,
'त'सकट